फळ्याचे मीटर

तुळशीराम गुरुजींनी पगारवाढ मागितली ही चूक नव्हे. मागताना लूमच्या कामगाराचं उदाहरण दिलं, ती चूक.

"केसरीनाथशेठ, चौथीत दोनदा आपटलेला नवशा तुमच्या कारखान्यात महिन्याला सव्वादोनशे घेतो. त्याला अक्षर गिरवायला लावणारा मी दीडशेवर. ही काय इज्जत झाली?"

नारपोलीत शेठचे कापड विणायचे चाळीस लूम आणि एक शाळा. शाळेत चार वर्ग, चार मास्तर. शेठ अध्यक्ष, का, तर जागा त्याची. तो पान थुंकून म्हणाला, "बरोबर हाय गुरुजी. नवशा मीटरवर काम करतो, जेवढं कापड तेवढं पैसं. तुमी पन मीटरवर या. जेवढं लिवाल तेवढं पैसं."

दुसऱ्या दिवशी नवशा कापड मोजायची टेप घेऊन वर्गात हजर. फळ्यावरची एकेक ओळ मोजायचा, चूक दिसली की 'डॅमेज' म्हणून कापायचा. आणि जोडाक्षर दिसलं की त्याला चूकच दिसायची.

"अरे गाढवा, 'विद्यार्थी' बरोबर आहे!"

"गुरुजी, वर धागा गुंतलाय ना. साफ दिखता है."

गुरुजी शहाणे झाले. जोडाक्षरं सोडली. 'बदक गवतावर बसतं' एवढंच दिवसभर लिहू लागले. फळा भरला की भिंत, भिंत भरली की फरशी. पोरांनी काही विचारलं की खेकसायचे, "बोलण्याचे मीटर होत नाहीत, गप बसा!" महिनाअखेर दोनशे चाळीस हातात पडले. बायकोनं, गुणाबाईनं, नोटा देवापुढे ठेवल्या. पोरांना बदकापलीकडे काही येत नव्हतं. ते विचारायला कोण बसलंय?

मग शेठचं डोकं चाललं. "एक कारागीर चार लूम बगतो. गुरुजी, चारी वर्ग तुमीच बगा. बाकीचं तीन मास्तर उद्यापासून न्हाय."

चांगदेव मास्तर, हौसाबाई आणि म्हातारे विठू मास्तर यांनी आपापली हजेरीपुस्तकं गुरुजींपुढे आणून ठेवली. मागच्याच वर्षी ठाण्याच्या मोर्चात गुरुजींनी या तिघांना 'शिक्षक एकजुटीचा विजय असो' ओरडायला लावलं होतं, घसा बसेपर्यंत.

गुरुजींना स्वतःची शिसारी आली. तिघांना घेऊन ते सरळ कारखान्यात घुसले आणि खडखडाटात ओरडले, "नवशा, आम्हा चौघांना लूम शिकव. मास्तरकी बस झाली."

"शिकवीन की. पण आधी शेठला विचारा. नवीन माणसाला शिकवताना माझे मीटर बुडतात, म्हणून शेठ माणशी वीस रुपये वेगळे देतो."

"कसले वीस?"

"शिकवायचे."

गुरुजी गर्रकन वळले. शेठ दारातच उभा होता.

"शेठ, माझ्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत."

"गुरुजी, त्ये वेगलं हाय."

"काय वेगळं ते समजावून सांगा. आम्ही बसतो."

चौघं सुताच्या गाठोड्यांवर बसले. शेठ समजावत राहिला. विद्येचं पावित्र्य झालं, गुरूचं स्थान झालं, समाजसेवा झाली. तेवढ्यात पहिल्या लूमचं सूत संपलं. नवं सूत मास्तरांच्या बुडाखाली. मग दुसरा लूम थांबला, तिसरा, चौथा. शेठच्या कपाळावर घाम आला.

"बरं, मीटर बंद. तिघंबी राहूंद्या. पयल्यासारखं दीडशे देतो, उठा आता!"

"सव्वादोनशे," गुरुजी म्हणाले. "चौघांना."

"शेठ, पाचवाबी गया," नवशा ओरडला.

शेठनं शिव्या घातल्या. गुरुजींनी मांडी घातली आणि सहावा लूम थांबायची वाट बघत बसले.