चंद्रावतीखालची राख

आनंदाने चंद्रावतीवर पत्र्याचे छप्पर घातले ते मायेपोटी, आणि त्या मायेनेच तिचा घात होण्याची वेळ आली.

बुधाजी तांडेलाचा हा शिडाचा मचवा पनवेलच्या खाडीत तीस वर्षे वावरलेला. उरणच्या आगरांतले मीठ, पनवेलचा तांदूळ, कधी कौले, असे काय काय पोटात घेऊन तो मुंबईच्या धक्क्याला जाई. नाव बुधाजीच्या आईचे, म्हणून घरात त्याला कोणी मचवा म्हणत नसे. सगळे ‘ती’च म्हणत. दिवाळी सरता सरता शीड उतरवताना बुधाजी पडला, मांडीचे हाड मोडले, आणि उरणला लेकीच्या घरी हाडवैद्याच्या हाताखाली त्याला चार महिने काढावे लागले. मागे राहिली त्याची बायको सोनाबाई आणि धाकटा मुलगा आनंदा.

आनंदा करंजाड्याच्या शाळेत मास्तर होता. त्याचा आवाज इतका खालचा की मागच्या रांगेतल्या मुलांना धडा ऐकू येत नसे. लहानपणी दोन सफरी करवून बुधाजीने त्याला किनाऱ्यावरच ठेवले होते. वाऱ्यावर ज्याची हाक पोचत नाही त्याच्या हाती शीड कसे द्यायचे? तेव्हापासून चंद्रावतीकडे तो दुरूनच बघत आला होता, दुसऱ्याच्या घरात दिलेल्या बहिणीकडे बघावे तसा.

बाप नसताना ओहोटीच्या चिखलात कलून पडलेली ती त्याला बघवेना. त्याने वस्तीतले गडी बोलावले, तिला ओंडक्यांवरून ओढून भरतीच्या रेषेच्या बरीच वर आणली, टेकू दिले, आपल्या पगारातून पत्रे घातले. चिखल खरवडून तिला स्वच्छ केली. रोज शाळेतून आल्यावर तो तिच्या अंगावरची धूळ फडक्याने पुसत असे. लाकडाला ओल हवी असते, एवढे वस्तीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होते. पण वस्तीला वाटले, तांडेल आता उठत नाही, मचवा मोडीतच काढायचा असेल. अशा गोष्टी तोंडावर विचारायच्या नसतात, म्हणून कोणी विचारले नाही.

होळीच्या तोंडावर बुधाजी काठी टेकीत परतला. घरात पाय न धुता तो थेट छपराखाली गेला. तापल्या पत्र्याखाली चंद्रावतीच्या फळ्या आक्रसल्या होत्या. पाणी अडवायला सांध्यांत भरलेला जुना कापूस गळून पडला होता आणि एका बाजूला उभे राहिले की दुसऱ्या बाजूची खाडी फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होती.

“ह्या कोनाच्या डोस्क्यातला?” बुधाजीने विचारले.

“माझ्या,” आनंदा म्हणाला.

बुधाजीने एका फटीत करंगळी घातली. ती आत गेली. “मास्तर,” तो शांतपणे म्हणाला, “तू हिची सुकट केलीस रं.”

तो ओरडला असता तर बरे झाले असते. आनंदाला ते शब्द पुढे कितीतरी दिवस वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे असतानाही ऐकू येत राहिले.

चार दिवसांत दयाराम आला. पनवेलात त्याची लाकडाची वखार होती आणि जुन्या होड्या मोडून तो जळण विकत असे. फळ्यांवरून हात फिरवीत तो म्हणाला, “तांडेल, मालट्रक सकाळी निघतो आणि जेवणाच्या आत मुंबईला पोचतो. शिडाची वाट कोण बघणार आता? लाकूड जुनं आहे, चांगलं जळेल.”

बुधाजीने काठीने एका फळीवर टकटक केले. मग म्हणाला, “आखितीजेला ये. तवर ही पानी धरल तर माजी. नाय धरला, तर कुऱ्हारी घेऊनच ये. डोल्यासमोर कुजत ठेवनार नाय मी तिला.”

त्या संध्याकाळी आनंदा बापापुढे उभा राहिला. “मी करतो,” एवढेच तो म्हणाला. बुधाजीने त्याच्या हातांकडे पाहिले. खडूने पांढरी झालेली बोटे होती ती.

“कर. मी सांगन तसा. तुज्या मनाचा काय बी नाय.”

पहिला आठवडा गोणपाटांचा. आनंदाने आधी छप्पर उतरवले. मग पहाटे आणि संध्याकाळी खाडीचे पाणी घागरींनी आणून त्याने आतून-बाहेरून घातलेली गोणपाटे भिजवली. नुसती भरतीत ढकलली तर फटींत गाळ बसेल, आणि गाळ बसलेला सांधा जन्मात मिटत नाही, हे त्याला बापाने सांगितले. दुसऱ्या आठवड्यात गोणपाटे काढून आत वीतभर पाणी भरले. ते चाळणीतून जावे तसे गेले. बाजारात मासळी घेऊन निघालेली गुणाबाई पाटी डोक्यावर धरून थांबली.

“काय मास्तर, मचव्याला पालवी फुटंल काय?”

आनंदा मान खाली घालून पुढची घागर आणायला गेला. पण आता तो धारा मोजू लागला होता. पहिल्या दिवशी मोजताच येत नव्हत्या. चैत्र लागला तेव्हा एकतीस राहिल्या, रामनवमीला एकोणीस. लाकूड पाणी पीत होते आणि फळ्या एकमेकींकडे सरकत होत्या, इतक्या हळू की पाहणाऱ्याला दिसू नये. इतके हळुवार काम आपल्याला जमते आहे, याचे त्याला मनोमन नवल वाटे.

पुढच्या टोकाशी, नाळेजवळचा एक सांधा मात्र हटून बसला. दिवस थोडे उरले तसा आनंदाचा धीर सुटला. बाप दुपारचा पडला होता ते पाहून त्याने त्या फटीत मोगरीने ठोकून ठोकून घट्ट कापूस ठासला. धार बंद झाली. पण त्याला जेवण गेले नाही. बापाने पहिल्याच दिवशी बजावले होते: कापूस सर्वांत शेवटी आणि सैल हाताने, आधीच ठासलास तर लाकूड फुगायला जागा मागेल आणि खिळ्यांसकट फळी उपटून घेईल. दुसऱ्या दिवशी शाळेआधी त्याने बोथट पटाशीने तो कापूस सगळाच्या सगळा उकरून काढला. धार पुन्हा लागली. मागे वळला तर बुधाजी काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“ठोकल्याचा आवाज ऐकला मी काल,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“कापूस कोन काढतो, ता बघायचा व्हता.” आणि त्याने कमरेची तंबाखूची चंची काढून मुलापुढे धरली. आनंदा तंबाखू खात नव्हता. तरी त्याने चिमूटभर घेतली.

तो हट्टी सांधाही पुढच्या आठ दिवसांत मिटत आला. मग पाणी काढून साऱ्या सांध्यांत हलक्या हाताने कापूस भरला, वर राळ आणि माशाचे तेल चढले. सोनाबाईने अंगणात शीड पसरून उसवलेले पट्टे शिवले. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी टेकू पुन्हा ठोकून चंद्रावतीत अर्ध्यापर्यंत पाणी भरले. बुधाजीने चुलीतली राख चाळून आणवली आणि तिच्या पोटाखाली नाळेपासून सुकाणूपर्यंत हाताने पसरली. एक थेंब पडला तरी राख सांगणार होती.

सकाळी दयाराम दोन माणसे आणि कुऱ्हाडी घेऊन आला. सगळे वाकून बघू लागले. राखेवर खुणा होत्या.

सोनाबाई गुडघ्यांवर बसली. “कोंबरीचं पाय हायत मेलीचं,” ती म्हणाली. “थेंब नाय एक.”

दयारामने चपला काढल्या, स्वतः पोटाखाली शिरून टोकापासून टोकापर्यंत पाहिले, आणि हात झाडीत बाहेर आला. “तांडेल, असं काम आता कोण करतं? कारागीर कुठला आणलात?”

“घरचाच हाय,” बुधाजी म्हणाला. “करंजाड्याला मास्तर हाय तो.”

तो मास्तर तेव्हा तोंड फिरवून उगाचच मोगरी पुसत होता.

आतले पाणी सोडले, राख वाहून गेली. दुपारच्या उधाणाला वस्तीने दोर धरले. बुधाजीला आत चढता येईना, म्हणून रिवाजाप्रमाणे पोटात उभा राहणारा माणूस आनंदा ठरला. चंद्रावती ओंडक्यांवरून घसरली, नाळेने पाण्यात बुडी घेतली, मग हळूच डोके वर काढून तरंगली. भरल्या खाडीपलीकडे, खारफुटीच्या वरून, कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. किनारा मागे मागे जात होता आणि त्यावर काठी टेकून बाप लहान होत चालला होता.

“पानी किती?” किनाऱ्यावरून बुधाजीने हाक दिली. मचवा पहिल्यांदा तरंगला की हे विचारतातच, आणि आतल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर द्यायचे असते.

आनंदाने खाली पाहिले. पायाखालच्या फळ्या ओलसर काळ्या होत्या, पण पावले कोरडी होती. वारा किनाऱ्यावरून थेट त्याच्या तोंडावर येत होता. त्याने छाती भरून श्वास घेतला.

“नाय, बा,” तो ओरडला. “पाय सुकं हायत.”

हाक पाण्यावरून गेली, गर्दीवरून गेली. अगदी मागे उभ्या असलेल्या गुणाबाईनेही डोक्यावरची पाटी सावरीत मान वर केली. बुधाजीने दोन्ही हात काठीवर ठेवले आणि शेजारच्या दयारामाला, जणू त्याने काही विचारले होते, इतकेच सांगितले, “आला ऐकू.”