गाठीचे काप

काढलेल्या गाठी टिकवायचं फॉर्मलिन हद्दपार केलं ते बाईंनीच. इस्पितळातल्या तपासणीच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. त्या वाफेने हाताखालच्या मुलींचे घसे सोलवटले, तेव्हा भांडून त्यांनी अल्कोहोलचं द्रावण आणलं. द्रावण चांगलंच होतं. फक्त त्याचा एक हट्ट होता: मोठी गाठ लगेच चिरायची, नाहीतर ते बाहेरची साल तेवढी टिकवतं आणि आत पोचतच नाही. हे सर्जनसाहेबांना सांगून सांगून बाईंची जीभ झिजली. पण जित्याची खोड! जुन्या सवयीने साहेबांनी एका तरुण मुलीच्या छातीतली गाठ अख्खीच बरणीत सोडली आणि वर प्रयोगशाळेला सुट्टी लागली. बाईंनी चिरली तेव्हा आतून सगळी नासलेली.

निकाल न्यायला मुलीचा भाऊ आला. बाई खरं बोलल्या आणि तिथेच फसल्या.

"आतला भाग कुजलाय. पण बाहेरचे काप—"

"कुजलाय?" तो उसळला. "अहो, कापून दिली ना तुमच्या हातात! कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांगायचं होतं. तेही जमलं नाही?"

पुढचं त्याने ऐकलंच नाही. दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि पहिल्या फटक्यात सूक्ष्मदर्शक आडवा केला. दुसरा फटका बरण्यांच्या कपाटाकडे वळला तशा बाई मधे घुसल्या. मनगट कडाडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे मेल्या, थांब! तिचे चांगले काप आहेत त्यात! त्यावरून कळेल अजून!"

डोकं फिरलेल्या माणसाला कुठले कान? त्याने बाईंना केसांना धरून भिंतीवर आपटलं आणि दात-ओठ खात कपाटावर अडसर हाणला. फळीवरच्या सगळ्या बरण्या फरशीवर येऊन फुटल्या.

मग कुठे बाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलं. अडसर हातातून गळाला. तो काचांवरच गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी तुकडे गोळा करू लागला. तळवे चिरले, तरी थांबेना. फरशीभर सारखेच राखाडी काप पसरले होते, कितीतरी घरांतल्या माणसांचे. नावं होती ती फुटलेल्या बरण्यांच्या काचांवर.

"ताई," रडत त्याने रक्ताळलेली ओंजळ पुढे केली, "यातले आमच्या छोटीचे कुठले?"

मोडका हात पोटाशी धरून बाई वाकल्या. पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांना एकही ओळखता येईना.