एक्केचाळीस वेळा बरोबर

सोमवारी सकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर एक कागद आपटला. "वाचून घे. दुपारी चारला हे पत्र काकीला जाणार."

काकी म्हणजे आमच्या विमा कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या क्लार्क. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून त्या घरूनच काम करतात. घरच्या कॉम्प्युटरवरून आमच्या सर्व्हरवर यायचं, दाव्यांचे कागद तपासायचे, शेरा मारायचा. ही सोय त्यांनी भांडून मिळवली होती आणि साहेबांना ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. पत्रात लिहिलं होतं की गुरुवारपासून काकींचं काम शून्य आहे, त्यांच्या नावावर एक्केचाळीस फसलेले लॉगिन आहेत, म्हणजे पासवर्ड त्यांनी घरातल्या कुणाला दिलेला दिसतो, सबब नोकरी संपुष्टात.

सर्व्हर मी सांभाळते. मला न विचारता हे पत्र छापलंच कसं, असं मी विचारलं.

"तू दोन दिवस रजेवर होतीस. आकडा मी स्वतः काढलाय." साहेब चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाशी एकेरीत बोलतात. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाची सूचना मी नोटीस बोर्डावर लावणार आहे.

काकींना फोन लावला. "पासवर्ड टाकल्यावर दिसतं काय, काकी?"

"दिसतंय माझं कपाळ. लॉगिन होऊ शकत नाही म्हणतो, का ते सांगत नाही. शुक्रवारी दोनदा कळवलं तुमच्या साहेबांना. म्हणाले, नीट टाइप करा. तीस वर्षं टाइप करतेय मी, पोरी."

"पासवर्ड कुणाला दिला होता का?" विचारताना माझी मलाच लाज वाटली.

"घरात आम्ही दोघंच. ह्यांचा हात उचलत नाही. देऊ कुणाला, मांजराला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "ही नोकरी गेली तर दुसरी मिळायची नाही गं. ह्यांना तासभरसुद्धा एकटं सोडून मला कुठे जाता येत नाही."

चार वाजायला सहा तास होते. मी सर्व्हरची नोंदवही उघडली. एक्केचाळीस नकार होते खरे. पण आमच्याकडे नियम असा की पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं आपोआप बंद होतं. काकींचं खातं चालू होतं. मी दोनदा बघितलं. चुकीचा पासवर्ड असता तर पाचव्यालाच खेळ संपला असता. म्हणजे काकींनी एक्केचाळीस वेळा बरोबर पासवर्ड टाकला होता आणि सर्व्हरने बरोबर माणसाला एक्केचाळीस वेळा हाकललं होतं.

मग काकींच्या खात्याचं पान उघडलं आणि डोकं तापलं. बुधवारी संध्याकाळी त्यावर एक खूण केलेली होती: पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणे सक्तीचे. खूण साहेबांनी केली होती, फक्त काकींच्या नावापुढे. घरून काम करणाऱ्यांवर वचक म्हणून, हे त्यांनी नंतर कबूलही केलं.

एरवी त्याने काही बिघडलं नसतं. पण त्याच दुपारी मी सर्व्हरला नवं बंधन घातलं होतं, की बाहेरून येणाऱ्याची ओळख आधी पटव, मगच त्याला पडदा दाखव. पासवर्ड बदलायची जागा त्या पडद्यावर, आणि बदलल्याशिवाय पडदा नाही. कपडे बदलायची खोली आत ठेवायची आणि कपडे बदलल्याशिवाय आत सोडायचं नाही, तसला प्रकार. नवं बंधन मी तपासलं होतं, पण कचेरीतल्या खुर्चीत बसून. बाहेरून एकदाही नाही. ही चूक माझी.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "मग तुझं ते बंधन काढून टाक. तिला आत घे. पत्राऐवजी ताकीद देऊ, टायपिंगची चूक म्हणून."

"बंधन निघणार नाही. त्या सर्व्हरवर हजारो लोकांच्या आजारपणाचे कागद आहेत. आणि चूक काकींची नाही."

"हे तू म्हणतेस."

"तुमच्या खात्यावर तीच खूण करते. बाहेरच्या नेटवरून लॉगिन करून दाखवा. जमलं तर पत्र मी स्वतः पाठवते."

साहेब आव्हानाला कधी नाही म्हणत नाहीत. शेजारच्या खोलीत लॅपटॉपला मोबाइलचं नेट जोडून बसले. एका बोटाने टाइप केलं, नकार. पुन्हा, जरा जोरात. सातव्या वेळी म्हणाले, कीबोर्ड खराब आहे.

मी नोंदवहीचं पान छापून त्यांच्यासमोर धरलं. त्यांचं नाव, सात ओळी, काकींच्या ओळींसारख्याच. "सर, पासवर्ड घरात कुणाला दिलात?"

त्यांनी पत्राचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. "झालं. विषय संपला."

माझा संपला नव्हता. दोन्ही खुणा काढल्या, बंधन तसंच ठेवलं आणि मुख्य कार्यालयाला अहवाल लिहायला घेतला. कारण पहिलं, मी बाहेरून तपासलं नाही. दुसरं, साहेबांनी मला न विचारता खूण केली. तिसरं, काकींनी दोनदा कळवूनही कुणी ऐकलं नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"नावं कशाला? तांत्रिक बिघाड लिही. तूही सुटतेस."

"बिघाड झालाच नव्हता, सर. आपण सांगितलं तेच सर्व्हरने केलं." मी अहवाल पाठवून दिला.

काकी पहिल्या फटक्यात आत आल्या. फोनवर त्यांना सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा.

"माफी मागितली त्यांनी?"

"विषय संपला म्हणाले."

"त्यांचा संपला असेल. चार दिवस मी ह्यांच्या उशाशी बसून माझी बोटं बघत होते. वाटलं, आता माझंही शरीर फितूर झालं." काकींनी श्वास घेतला. "ते पत्र पुन्हा छापायला सांग. खाली लिहायला सांग की यातला शब्दन् शब्द खोटा आहे. सही त्यांची, शिक्का कचेरीचा. मला घरी पाहिजे ते."

मी उठले, साहेबांच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं, फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"बोला, काकी. साहेब ऐकतायत."