मुखरूचा ओळंबा आणि दाराबाहेरची ढोली

मित्रांनो, आधी ताठ उभे राहा पाहू! वाकडेतिकडे माझ्यापुढे चालत नाही. मी मुखरू मिस्त्रीचा जुना ओळंबा आहे. लोखंडाचा लहानसा गोळा, त्याला दोरी, आणि दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. पण चांदा जिल्ह्यात सावलीच्या आसपास ज्या भिंती ताठ उभ्या आहेत ना, त्यांतल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. बढाई वाटली तर खुशाल वाटू द्या.

नागभीडच्या एका लोहाराने बैलगाडीच्या मोडक्या आसापासून मला घडवले. तापवले, ठोकले, पुन्हा तापवले. तेव्हा असा राग आला होता म्हणून सांगू! मुखरूने मला हातावर तोलून पाहिले आणि म्हणाला, "हा खोटं नाई बोलणार." माझा सगळा राग तिथेच उतरला. स्तुती कोणाला आवडत नाही?

माझे काम सोपे आहे. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला हळूच शिवलो की भिंत सरळ. मी भिंतीपासून दूर लोंबलो, तर भिंत पुढे झुकलेली आहे. बस्स! मालक श्रीमंत असो की गरीब, मी दोघांना सारखेच सांगतो. त्यामुळे काही लोकांना मी आवडत नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

आता एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट ऐका. दिवाळी होऊन गेली होती. गुणवंतराव नावाच्या शेतकऱ्याचे धान मळून खळ्यावर पडले होते. आभाळ मात्र दोन दिवसांपासून भरून येत होते. अवकाळी पाऊस आला असता तर वर्षभराचे अन्न भिजून त्याला कोंब फुटले असते. धान लवकर घरात घेणे भाग होते, आणि धान घरात ठेवायचे म्हणजे ढोली हवी. ढोली म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली उंच, गोल कणगी.

या भागात लहान पोरालाही ठाऊक असते की ढोली घरात बसून विणायची असते. पण गुणवंतराव पडले हौशी! सावलीच्या बाजारात त्यांनी एक तयार ढोली पाहिली. हत्तीच्या पिल्लाएवढी! ती गाडीवर घालून, गावातून मिरवत आणली. अंगणात उतरवली आणि दाराशी नेली. ढोली काही दारातून आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. पण माघार घेतील तर शपथ! त्यांनी मुखरूला बोलावणे धाडले आणि सांगितले, "दार मोठं करून दे."

मुखरूने मला दाराशेजारच्या भिंतीवर सोडले. मी भिंतीपासून चांगला दोन बोटे दूर लोंबलो. मुखरूचे कपाळ आक्रसले.

"गुणवंतभाऊ," तो म्हणाला, "चौकटीच्या बगलंतली भीत झुकली हाये. मयालीचा भार इच्यावरच हाये. टेकू लावल्याबिगर इले हात लावाचा नाई. समजलं का?"

"हो, हो, समजलं ना," गुणवंतराव मान डोलवत म्हणाले.

मित्रांनो, त्यांना काडीइतकेही समजले नव्हते! मयाल कोणती आणि टेकू कशाचा, कोणाला ठाऊक? पण चार माणसांत विचारायचे कसे? घराचा मालक आणि घरातलेच शब्द ठाऊक नाहीत, असे लोक म्हणतील ना! आणि आमचा मुखरूही काही कमी नव्हता. समोरच्याला कळले नाही हे दिसत असूनही मोठमोठे शब्द फेकायची त्याला भारी खोड. माझा मालक असला म्हणून काय झाले, चूक ती चूक.

गुणवंतरावांची बायको मनकर्णाबाई सूप हातात घेऊन ऐकत होती. तिने सूप खाली ठेवले.

"मुखरूभाऊ, मयाल म्हणजे कोणती जी? मले दाखवा बरं."

मुखरूने बोट वर केले. "हे पाहा बाई, दोन भितींवर आडवं निजलेलं जाड लाकूड. छपरावरच्या कवेलूचं सारं ओझं वाशांवर, वाशांचं मयालीवर, अन् मयालीचं या भितीवर."

"अन् टेकू?"

"भीत काढाच्या आंधी मयालीखाली उभं कराचं लाकूड. भितीच्या जागी तेच भार धरते."

"मंग जोतं कशाले म्हणता? सासरे म्हणत, जोतं उंच हाये म्हणून आपल्या घरात पाणी नाई येत."

"जमिनीपासून घर उचलून धरते तो ओटा म्हणजे जोतं. तुम्ही दारापुढच्या सपरीत बसता ना, त्याच्यावरच बसता."

मनकर्णाबाईने मान डोलावली. ही मान मात्र समजून डोललेली होती. मला माणसाची मान लगेच कळते.

मुखरू टेकूसाठी सरळ लाकूड आणायला निघाला. जाताना त्याने खिळा ठोकून मला त्याच भिंतीवर टांगले आणि मनकर्णाबाईला बजावले, "बाई, याच्यावर डोळा ठेवजा. हा गोळा भितीपासून आणखी दूर गेला, का सारे बाहीर!"

मुखरू वळणाआड गेला न गेला, तोच ढग गडगडले. गुणवंतरावांचा धीर सुटला. त्यांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली.

"काय करून राह्यले जी तुम्ही?" मनकर्णाबाई ओरडली. "मिस्त्रीनं नाई म्हटलं ना!"

"धान भिजल्यावर मिस्त्री खाऊ घालन का? मातीची तर भीत हाये. दोन घाव घातले का झालं!"

पहिल्या घावाला मी हाललो. दुसऱ्याला चौकटीजवळचा मातीचा मोठा लपका पडला. मी तीन बोटे दूर गेलो. ओरडायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत! बाई, माझ्याकडे बघ गं, एकदा बघ, एवढेच मनात म्हणत राहिलो.

तिने पाहिले. चार बोटे!

"बाहीर निंगा!" तिने असा आवाज काढला की अंगणातले बैल उठून उभे राहिले. गुणवंतराव म्हणाले, "थांब वं, एकच घाव..." तिने पुढचे ऐकलेच नाही. त्यांचा हात धरला आणि त्यांना फरफटत अंगणात आणले. सब्बल आतच राहिली.

त्यांच्या मागोमाग भिंतीचा कोपरा बसला. मयालीचे एक टोक हातभर खाली आले आणि गुणवंतराव जिथे उभे होते तिथे कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, खच पडला. मीही मातीत गाडला गेलो.

गुणवंतराव अंगणात मटकन खाली बसले. मनकर्णाबाई रडत होती आणि रडता रडता त्यांना रागावत होती.

मुखरू लाकूड घेऊन धावतच आला. चार गडी लावून त्याने मयाल उचलली, टेकू दिला, आणि मग मला उकरून धोतराने पुसले. छप्पर वाचले. पण धान अजून खळ्यावरच होते आणि ढोली अंगणात.

तेवढ्यात गर्दीतून मंगलीबाई पुढे आली. जंगलालगतच्या गावची ही बाई घरोघर जाऊन ढोल्या विणून देत असे.

"ढोलीपायी भीत पाडली," ती म्हणाली, "पण ढोली नाई उसवली कोणी! तिले उभी कापा. चटईवानी गुंडाळा अन् आत न्या. मी जोडून देतो."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इतके सोपे होते! मंगलीबाईने कोयत्याने ढोली उभी चिरली, आत पलीकडच्या कोपऱ्यात नेली आणि भराभर विणून जोडली. दिवस मावळायच्या आत धान ढोलीत पडले. पाऊस आला तेव्हा खळ्यावर एक दाणाही उरला नव्हता.

आता मुखरूने पितळेचा चकचकीत ओळंबा घेतला आहे. मला मनकर्णाबाईने मागून घेतले. मी तिच्या सपरीत खुंटीला असतो. दोरी कुजत आली आहे आणि अंगावर गंज चढला आहे, पण ती दर दिवाळीला मला पुसते आणि घरातली एकेक भिंत तपासते. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी पडून असेल तर त्याला तेलाचे बोट लावा. आणि आपल्या घराचे जोते, मयाल, वासे नावानिशी ओळखायला शिका. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची काळजी कोण घेणार?

एक सांगायचे राहिलेच. पावसानंतर चौथ्या दिवशी भिंत नव्याने उभी करायची होती. सारा शेजार जमला होता. मुखरू सवयीने सुरू झाला, "मयालीखाली उशी देतो, चौकट जराशी..." गुणवंतरावांची मान सवयीने डोलू लागली आणि मध्येच थांबली. त्यांनी लोकांकडे पाहिले, मग मुखरूकडे.

"थांब बापा," ते म्हणाले. "उशी म्हणजे काय? मले नाई समजलं."

कोणी हसले नाही. मुखरूने थापी खाली ठेवली, त्यांचा हात धरला आणि तो भिंतीवर मयालीखाली ठेवायच्या लाकडाच्या जाड तुकड्यावर नेऊन ठेवला.