डाव्या हाताची धार

मी बोलतोय, तो धार लावायचा दगड. गोल आहे, मोटरवर फिरतो आणि तोंडाचा जरा फटकळ आहे.

धारवाल्या काकांनी मला दुकानात बसवलं, तेव्हा लोक बोथट सुऱ्या घेऊन रांग लावायचे. मग बाजारात स्वस्त सुऱ्या आल्या. बोथट झाली की फेका! माझ्यावर धूळ बसायला लागली.

काकांच्या लेकीला स्वस्थ बसवेना. "बाबा, गिऱ्हाईक येत नाही तर आपण जाऊ. हॉटेलांना आपल्याच सुऱ्या भाड्याने द्यायच्या. दर सोमवारी बोथट आणायच्या, धारेच्या ठेवायच्या."

"सुरी म्हणजे काय टॉवेल आहे, बदलायला?" काका करवादले. पण पोरीने एक मोठं हॉटेल मिळवलंच. ते हातचं गेलं तर दुकानाला कुलूप, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिथले मुख्य आचारी बोटाला पट्टी बांधून दारात! सुऱ्यांची पेटी त्यांनी ओट्यावर आपटली. "तुमची सुरी घसरते. अकराला माझं स्वयंपाकघर सुरू होतं. त्याआधी मी दुसरा धारवाला बघणार."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"एकदा कापून दाखवता?" तिने काकडी पुढे केली. आचाऱ्यांनी डाव्या हाताने सुरी धरली. पातं तिरकं पळालं.

काका ताडकन उठले. "अगं, हे डावखुरे! या सुऱ्यांना एकाच अंगाला धार असते. आजवर माणूस समोर असायचा, मी त्याचा हात बघायचो. तू नुसती पेटी आणलीस आणि मी सगळ्यांना उजवी धार मारली. चूक माझीच."

काकांनी पातं माझ्यावर टेकवलं. मी श्वास रोखून फिरलो.

दुसरी काकडी. चकती कागदासारखी सुटली.

"ही जमली," आचारी म्हणाले. "पण सोमवारी सुऱ्या बदलल्या की कुणाची येईल माझ्या हातात?"

"तुमचीच," लेक पटकन बोलली. "प्रत्येकाच्या हाताच्या दोन सुऱ्या, मुठीवर नाव. एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे."

आचाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग स्टूल ओढलं. "अजून दोघं डावखुरे आहेत माझ्याकडे. त्यांच्याही करा. बसतो मी."

आता आमच्याकडे नऊ स्वयंपाकघरं आहेत. धंदा वाढला तसा मी भराभर झिजलो, बशीएवढा उरलोय. धुळीत पडून राहिलो असतो तर कितीतरी वर्षं टिकलो असतो. संपायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? लेकीने नवा दगड आणून ठेवलाय. पोरी, आज एवढ्यात मला काढू नकोस. पेटीत अजून सात सुऱ्या बाकी आहेत.