बदामाखालची कबर

आमचे हे कवी. इथे ब्राझीलला, साओ पावलोत आपल्या लेबनॉनकडच्या माणसांत नऊम म्हटलं की सगळे मान डोलावतात. गावचा झरा, डोंगरावरचं धुकं, परक्या मातीत न रुजणारं मूळ असलं काही यांनी म्हटलं, की भलेभले कापडवाले रुमालाने डोळे पुसतात. मी बटणं विकते. घर बटणांवर चालतं.

मागे यांनी आईवर कविता केली. बदामाखाली आईची कबर आणि मुलगा समुद्रापार. अरबी वर्तमानपत्रात ती छापून आली आणि दुसऱ्या दिवशी दारात समाचाराला ही रीघ. सासूबाई तिकडे गावी ठणठणीत, रेशमाचे किडे पाळत होत्या. दारात सगळी तुतीची झाडं, बदाम औषधालाही नाही. मी यांना आत ओढून म्हटलं, सांगा त्यांना. तर म्हणे, आता कसं सांगू, लोक रडतायत. मग काय, जिवंत बाईच्या नावाने दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी केली आणि वाटली. मेली हाताला लाजही वाटली नाही.

कविता एवढी गाजली की प्रत्येक समारंभात तिचीच फर्माईश. आणि एक दिवस सांतोस बंदरातून निरोप आला, तुमच्या घरची म्हातारी आलीय. गावात कुणी उरलं नव्हतं, म्हणून सासूबाईंनी बांगड्या मोडून तिकीट काढलं होतं.

त्यांना घेऊन परतताना आगगाडीत यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. चारचौघांत तुला मावशी म्हणेन, म्हणाले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. सासूबाई माझ्याकडे वळल्या. विचारलं, "कविता बरी आहे का गं?"

"सगळे रडतात," मी चिडून म्हटलं.

"मग असू दे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं नाव वर्दे, त्या झाल्या वर्दे मावशी. दुकानात मावशी, चर्चमध्ये मावशी. बायका म्हणायच्या, तुमच्या बहिणीने पुण्य केलं म्हणून असा मुलगा. त्या मान हलवायच्या. मी रोज यांच्या मागे लागायची, सांगून टाका. यांचं उद्या काही उजाडेना.

शेवटी सभागृहात यांचा सत्कार ठरला. मी बजावलं, आज हाताला धरून त्यांना व्यासपीठावर न्या, नाहीतर मी उभी राहून सांगेन. यांनी शब्द दिला. उभे राहिले, आईकडे पाहिलं, तोंडही उघडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, बदामाची म्हणा. आणि यांनी म्हटली.

मी ताडकन उठणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "बस. हसं होईल त्याचं."

बसले. काय करणार? सभागृह रडत होतं आणि माझा हात त्यांच्या मुठीत. शेजारच्या बाईने नाक पुसत विचारलं, तुम्ही पाहिलं होतंत ना तिला?

"पाहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा जीव की प्राण होता तिचा."

घरी आल्यावर दार लावलं आणि हे त्यांच्या पायाशी कोसळले. आई, आई करत लहान पोरासारखे रडायला लागले. मला दया आली नाही, खरंच सांगते. सासूबाई डोक्याचा रुमाल सोडत होत्या.

"ती वारली रे बाळा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी मावशी. ऊठ, जेवायला वाढते."

अजून हे दाराआड दिवसातून दहादा आई म्हणून हाक मारतात. त्या ओ देत नाहीत.