यादिराच्या गळ्यातली झोळी

मी एक झोळी बोलतेय. दुखरा हात गळ्यात अडकवायची साधी कापडी झोळी. बोयाका नावाच्या परदेशी डोंगराळ मुलखात रोसाल्बाने जुनी निळी चादर फाडून मला शिवलं, तिच्या मुलीसाठी, यादिरासाठी.

पंधरा वर्षांची यादिरा सायकलच्या शर्यतीत उतरायची. एका ओल्या उतारावर ती खांद्यावर आपटली आणि गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं.

"ऑपरेशन नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या वयात हे हाड आपलं आपण सांधतं. हात झोळीत राहू दे, बोटं हलवत राहा. सायकल मात्र मी सांगेन तेव्हाच."

"पुढच्या महिन्यात संघाची निवड आहे," तिचा बाप आर्सेनियो म्हणाला.

"पुढच्या वर्षीही असेल."

मी तिच्या छातीशी राहिले. सुरुवातीला ती शिंकली तरी कळवळायची. डाव्या हाताने गुळाचं गरम पाणी पिताना अंगावर सांडायची आणि स्वतःच हसायची. हळूहळू कळवळणं थांबलं. घरात सगळ्यांना वाटलं, हाड सांधलं. दुखणं आधी जातं, हाड मागून सांधतं, हे मला सांगता येत नव्हतं.

निवडीच्या सकाळी आर्सेनियोने माझी गाठ सोडली.

"दुखतंय का, पोरी?"

"नाही, बाबा."

"डॉक्टरबाईंना विचारलंत का?" रोसाल्बा दारात आडवी उभी राहिली.

"ती नाही म्हणतेय ना? मग झालं."

मी खाटेवर पडून होते. दुपारी रोसाल्बा धावत आली आणि मला उचलून घेऊन गेली. निवडीच्या शर्यतीत शेजारच्या सायकलचा नुसता धक्का लागला होता. हाड पुन्हा मोडलं होतं, टोक कातडीखाली वर आलं होतं. शहरात नेऊन ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी बसवावी लागली. त्या हाताची दोन बोटं बधिर झाली, ती तशीच राहिली. ब्रेक नीट दाबता येईना.

त्यानंतर रोज सकाळी आर्सेनियोच मला बांधायचा. त्याची जाड बोटं गाठीत अडकायची.

"घट्ट झाली का?"

एक दिवस यादिरा म्हणाली, "बाबा, त्या दिवशी दुखत होतं. मी खोटं बोलले."

त्याने माझी गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

आता यादिरा सायकलऐवजी बसने शाळेत जाते. मला धुऊन कपाटात ठेवलंय. कपाट उघडताना आर्सेनियो माझ्याकडे बघत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या गळ्यात माझ्यासारखी झोळी असेल, तर ते मूल "दुखत नाही" म्हणालं तरी थोडं थांबा. ते तुमच्या तोंडाकडे बघून बोलत असतं.